एरिथ्रोमायसिनपुढे ‘आर’ आला : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यातल्या लॅबमध्ये कल्चरच्या टेबलावर, म्हणजे रुग्णांच्या नमुन्यांतले जीवाणू प्लेटवर वाढवून तपासण्यात, माझी अठ्ठावीस वर्षं गेली. आता निवृत्त आहे, पण दांडिया बाजारातल्या आमच्या घरी रिपोर्ट घेऊन येणारे काही थांबले नाहीत. कोणी फाइल घेऊन येतं, कोणी फोनवर फोटो पाठवतं, आणि बोट हमखास एकाच ओळीवर असतं: एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक, पुढे ‘आर’. त्या एका अक्षरामागे काय काय असतं, ते इथे लिहून ठेवते. औषध कोणतं घ्यायचं हे तुमचे डॉक्टर सांगतील. मी प्लेट वाचणारी बाई.

‘आर’ म्हणजे नक्की काय?

रेझिस्टंट, मराठीत प्रतिरोधी. तुमच्या नमुन्यात जो जीवाणू वाढला, त्याच्यावर ते औषध चालणार नाही. ‘एस’ म्हणजे चालेल. पण ‘आर’ हा निकाल आहे, कारण नव्हे. एकाच ‘आर’मागे पाच-सहा वेगवेगळी कारणं असू शकतात, आणि कारण बदललं की शेजारच्या औषधाचं भवितव्य बदलतं. पुढचं सगळं त्याबद्दलच आहे.

मॅक्रोलाइड म्हणजे कोणती औषधं?

एरिथ्रोमायसिन, रॉक्सिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन आणि सगळ्यांच्या तोंडी बसलेलं अझिथ्रोमायसिन. बडोदेकरांना वेगळी ओळख करून द्यायला नको. अल्थ्रोसिन आणि अझिथ्राल ही दोन्ही नावं अलेम्बिकची, आणि अलेम्बिक १९०७ पासून आपल्याच गावची. या औषधांच्या रेणूत १४, १५ किंवा १६ अणूंचं एक मोठं कडं असतं आणि त्याला साखरेचे रेणू लटकलेले असतात. ‘मॅक्रो’ म्हणजे मोठं, ते या कड्यामुळे.

मूळ औषध मातीतून आलं. फिलिपिन्समधल्या इलोइलो भागातली माती आबेलार्दो आगिलार या डॉक्टरांनी १९४९ मध्ये एली लिली कंपनीला पाठवली. तिच्यातल्या एका जीवाणूपासून एरिथ्रोमायसिन मिळालं आणि १९५२ मध्ये ते इलोटायसिन या नावाने बाजारात आलं. नावात गाव राहिलं ते असं. आता गंमत बघा: जो जीवाणू हे विष तयार करतो, तो स्वतः त्याने मरत नाही. त्याच्याकडे प्रतिरोधाचं जनुक आधीपासूनच असतं, अर्म-ई नावाचं. म्हणजे कुलूप आणि किल्ली दोन्ही त्याच मातीत, आपण पहिली गोळी गिळण्याच्या कितीतरी आधीपासून.

माझ्या शरीराला अझिथ्रोमायसिनची सवय झाली आहे का?

नाही. हा गैरसमज इतका पक्का आहे, की शिकलेली माणसंही “मला आता अझी लागू पडत नाही” म्हणतात. सवय तुम्हाला होत नाही. प्रतिरोध जीवाणूत असतो. तुमच्या घशात किंवा जखमेत कोणता जीवाणू आहे आणि त्याच्या पोटात कोणतं जनुक आहे, यावर सगळं ठरतं. म्हणूनच, ज्याने आयुष्यात कधी ही गोळी घेतली नाही त्याच्या रिपोर्टातही ‘आर’ येऊ शकतो. तो जीवाणू त्याला दुसऱ्या कोणाकडून मिळालेला असतो.

हे आनुवंशिक आहे का? मुलांत उतरेल?

नाही. जनुक जीवाणूचं, तुमचं नव्हे. जीवाणू मात्र घरात एकमेकांना लागतात, तो भाग वेगळा.

ही जनुकं करतात तरी काय?

चकलीचा सोऱ्या डोळ्यापुढे आणा. जीवाणूच्या पेशीत प्रथिनं बनवणारी यंत्रं असतात, त्यांना रायबोसोम म्हणतात. प्रथिनाची साखळी आत जुळते आणि एका बोगद्यातून बाहेर येते, सोऱ्यातून चकली पडावी तशी. मॅक्रोलाइड त्या बोगद्याच्या आतल्या तोंडाशी जाऊन बसतं. भाजणीतला खडा जाळीत अडकला की चकली तुटते ना, तसं साखळीचं होतं आणि जीवाणूची वाढ थांबते.

खडा बसू नये यासाठी जीवाणूंनी शोधलेल्या वाटा अशा.

पहिली वाट अर्म जनुकांची. रायबोसोममध्ये २३एस आरएनए नावाची एक लांब साखळी असते, आणि तिच्यातल्या अक्षरांपैकी २०५८ क्रमांकाचं अक्षर अॅडेनिन, म्हणजे ‘ए’, असतं. औषध तिथेच धरून बसतं. अर्म जनुकातून बनणारं एन्झाइम त्या अॅडेनिनवर एक किंवा दोन मिथाइल गट चिकटवतं. एवढ्याशा फरकाने औषधाला बसायला जागा उरत नाही. दुष्परिणाम असा, की क्लिंडामायसिन हे दुसऱ्या गटातलं औषधही त्याच जागेच्या आसपास बसतं, त्यामुळे तेही गेलं. स्ट्रेप्टोग्रॅमिन-बी हा तिसरा औषधगटही गेला. तीन घराण्यांना एका मिथाइलने बाहेर काढलं.

दुसरी वाट मेफ जनुकांची. हा पंप आहे. औषध आत आलं की बाहेर फेकायचं. घशातल्या स्ट्रेप्टोकॉकसमध्ये आणि न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकॉकसमध्ये हा सापडतो. पंपाला १४ आणि १५ अणूंच्या कड्याची औषधं ओळखता येतात, क्लिंडामायसिन येत नाही. म्हणजे एरिथ्रोमायसिन ‘आर’, पण क्लिंडामायसिन खरोखर ‘एस’.

तिसरी, एमएसआर-ए, जखमांत पू करणाऱ्या स्टॅफिलोकॉकसमध्ये. आम्ही शिकलो तेव्हा हाही पंपच म्हणून शिकवला होता. पुढे कळलं की हे प्रथिन रायबोसोमला चिकटून बसलेल्या औषधाला उठवून लावतं. परीक्षेत मी लिहिलेलं उत्तर आज चूक ठरेल. इथेही क्लिंडामायसिन सुटतं.

चौथी वाट औषधच मोडून टाकायची: एमपीएच जनुकं औषधाला फॉस्फेट चिकटवून निकामी करतात, तर ईआरई जनुकं कडंच उघडतात. ही मुख्यतः आतड्यातल्या ई. कोलाय, शिगेला या जीवाणूंच्या गोतावळ्यात.

आणि पाचवी, कुठलंही जनुक बाहेरून न आणता स्वतःच्या २३एस आरएनएत एक अक्षर बदलून घ्यायचं. तिच्याबद्दल पुढे.

माझ्या रिपोर्टात एरिथ्रोमायसिन ‘आर’ आणि क्लिंडामायसिन ‘एस’ आहे. मग क्लिंडामायसिन घ्यायला हरकत काय?

हाच प्रश्न खरा. उत्तर एका जुन्या चुकीतून देते, आणि ती चूक माझी आहे.

उत्तरायणानंतरच्या आठवड्यात आमच्याकडे बोटांच्या जखमांचे नमुने यायचे. मांजाने कापलेलं बोट, वर हळद-तेल, आणि चौथ्या दिवशी पू. असाच एक मुलगा, बारा-तेरा वर्षांचा. पुवात स्टॅफिलोकॉकस ऑरियस वाढला. पेनिसिलिन ‘आर’, एरिथ्रोमायसिन ‘आर’, आणि क्लिंडामायसिन लावलेल्या कागदी चकतीभोवती छान गोल रिकामं वर्तुळ, म्हणजे तिथे जीवाणू वाढलेच नव्हते. मी ‘एस’ लिहून सही केली. मुलगा आठवडाभर बरा होता, मग बोट पुन्हा सुजलं. दुसऱ्या नमुन्यात क्लिंडामायसिनच्या चकतीला खेटून जीवाणू उगवले होते, वर्तुळ नावालाही नाही.

पहिल्या नमुन्याचा जीवाणू मी स्लँटवर, म्हणजे जपून ठेवायच्या नळीत, ठेवलेला होता. तो काढून म्यूलर-हिंटन या खाद्यमाध्यमाच्या प्लेटवर नीट पसरला, आणि या वेळी दोन चकत्या मुद्दाम शेजारी ठेवल्या: १५ मायक्रोग्रॅमची एरिथ्रोमायसिन आणि २ मायक्रोग्रॅमची क्लिंडामायसिन, मधे पट्टीने मोजून १५ मिलिमीटर. रात्रभर ३५ अंशांवर. सकाळी प्लेट उजेडासमोर धरली. क्लिंडामायसिनचं वर्तुळ तीन बाजूंनी गोल होतं, आणि एरिथ्रोमायसिनकडची बाजू सुरीने कापल्यासारखी सपाट. इंग्रजीतला डी.

याला डी-टेस्ट म्हणतात. पहिल्या दिवशी चकत्या लांब ठेवल्यामुळे मला ती सपाट कड दिसलीच नव्हती.

ती बाजू सपाट का होते?

कारण काही जीवाणूंत अर्म जनुक असतं, पण झोपलेलं. एरिथ्रोमायसिनची चाहूल लागली की जागं होतं. ही जाग येण्याची रीत मला आजही थक्क करते. अर्म-सी जनुकाच्या आधी १९ अमिनो आम्लांच्या एका चिमुकल्या प्रथिनाचा संदेश असतो, आणि मुख्य संदेश त्याच्या मागे घडी घालून लपवलेला असतो. एरिथ्रोमायसिन रायबोसोममध्ये बसलं की ते यंत्र त्या चिमुकल्या संदेशावर नवव्या जागी अडकतं. अडकल्यामुळे घडी उलगडते आणि लपलेलं अर्म वाचलं जातं. औषधाने यंत्र अडवलं, आणि त्याच अडथळ्याने औषधाविरुद्धची तजवीज सुरू झाली!

क्लिंडामायसिन ही जाग आणत नाही. म्हणून एकटं असताना ते प्लेटवर ‘एस’ दिसतं. पण कोट्यवधी जीवाणूंत एखादा असा निघतोच, ज्याची ती घडी बिघडलेली असते आणि अर्म कायम जागं असतं. उपचारात बाकीचे मरतात, हा उरतो, आणि आठवड्याने बोट पुन्हा सुजतं. डी-टेस्ट पॉझिटिव्ह आली की लॅबने क्लिंडामायसिनपुढेही ‘आर’च लिहायचा असतो.

प्रत्येक वेळी ही टेस्ट लागते का?

एरिथ्रोमायसिन ‘आर’ आणि क्लिंडामायसिन ‘एस’ असेल तेव्हाच. दोन्ही ‘एस’ किंवा दोन्ही ‘आर’ असतील तर गरज नाही. खर्च दोन चकत्यांचा, मशीन काही लागत नाही. रिपोर्टात उल्लेख नसेल तर लॅबला सरळ विचारा, “डी-टेस्ट केली होती का?” चांगली लॅब रागावत नाही.

नवरात्रात गरबा खेळून घसा धरला. मेडिकलवाल्याने अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या दिल्या आणि बरंही वाटलं. मग?

मग तो घसा बहुतेक आपोआपच बरा व्हायचा होता. नऊ रात्री ओरडून, धूळ गिळून बसलेल्या घशाला प्रतिजैविक लागत नाही, आणि घसादुखीतला मोठा वाटा विषाणूंचा असतो. त्यांच्याकडे रायबोसोमच नसतो, तर मॅक्रोलाइड बसणार कुठे? तीन दिवसांनी बरं वाटतं, गोळ्याही तीनच असतात, आणि श्रेय गोळीला जातं.

घसा खरोखर ग्रुप ए स्ट्रेप्टोकॉकसचा असेल तर गोष्ट वेगळी. हृदयाच्या झडपांना इजा करणारा संधिवाताचा ताप मागाहून येऊ शकतो, म्हणून त्याला औषध हवंच. पण तिथेही पहिला मान पेनिसिलिन गटाचा. या जीवाणूने आजवर पेनिसिलिनला दाद न देणं शिकलेलं नाही, मॅक्रोलाइडला न जुमानणं मात्र अर्म आणि मेफ दोन्ही मार्गांनी शिकला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या चिंताजनक प्रतिरोधी जीवाणूंच्या यादीत मॅक्रोलाइडला न जुमानणारा ग्रुप ए स्ट्रेप्टोकॉकस आणि तसाच न्यूमोकॉकस दोघांनाही जागा मिळाली. पेनिसिलिनची खरी अॅलर्जी असलेल्यांसाठी मॅक्रोलाइड राखून ठेवायला हवं. आपण ते गरब्याच्या घशावर उधळतो. आणि चिठ्ठीशिवाय ते विकणं कायद्यातही बसत नाही.

एका कोर्सने असा काय फरक पडतो?

बेल्जियममध्ये २२४ निरोगी माणसांवर हे मोजलं गेलं आणि २००७ मध्ये छापून आलं. काहींना अझिथ्रोमायसिन, काहींना क्लॅरिथ्रोमायसिन, काहींना नुसती खोटी गोळी. एकाच कोर्सनंतर तोंडातल्या साध्यासुध्या स्ट्रेप्टोकॉकसांमध्ये मॅक्रोलाइडला न जुमानणाऱ्यांचं प्रमाण एकदम चढलं, आणि सहा महिन्यांनीही फरक पुरता मिटलेला नव्हता. क्लॅरिथ्रोमायसिनने तर खास अर्म-बी वाल्यांची निवड केली.

तोंडातले हे जीवाणू आजार करत नाहीत. पण ते जनुकांची पेढी चालवतात. न्यूमोकॉकस शेजारी आला की उसनं द्यायला तयार.

अझिथ्रोमायसिनची आणखी एक खोड म्हणजे ते शरीरात रेंगाळतं. अर्धं उतरायला सुमारे ६८ तास लागतात. तीन गोळ्यांत काम होतं ते याच गुणामुळे. पण शेवटची गोळी घेतल्यावर कित्येक दिवस अंगात औषधाचा पातळ अंश उरतो, जो मारायला अपुरा आणि प्रतिरोधवाल्यांना पुढे काढायला पुरेसा. आता ही खोड देशाच्या मापात बघा. २०१९ मध्ये भारताच्या खासगी बाजारात सर्वाधिक खपलेली प्रतिजैविकाची गोळी अझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम होती, एकूण खपाच्या ७.६ टक्के. तेव्हा कोविड यायचा होता.

जनुक एका जीवाणूतून दुसऱ्यात जातं कसं?

उड्या मारत. अर्म-बी बहुधा टीएन९१६ घराण्यातल्या ट्रान्सपोझॉनवर बसलेलं असतं. ट्रान्सपोझॉन म्हणजे डीएनएचा असा तुकडा, जो स्वतःला कापून दुसरीकडे चिकटवू शकतो, आणि हा तर दोन जीवाणू एकमेकांना चिकटले की पलीकडेही जातो. त्याच तुकड्यावर टेट-एम नावाचं टेट्रासायक्लिनविरुद्धचं जनुकही असतं. एका बिऱ्हाडात दोन भाडेकरू. टेट्रासायक्लिन वापरा, वाढेल अर्मसुद्धा. म्हणून “आम्ही अझिथ्रोमायसिन बंद केलं, आता प्रतिरोध जाईल” हे गणित दर वेळी सुटत नाही.

पण काही वेळा सुटतं?

फिनलंडमध्ये सुटलं. तिथे १९९० च्या सुमारास ग्रुप ए स्ट्रेप्टोकॉकसमध्ये एरिथ्रोमायसिनचा प्रतिरोध फार वाढला. डॉक्टरांना मॅक्रोलाइड कमी लिहा असं देशभर सांगितलं गेलं, आणि खप खरोखर निम्म्याच्या जवळ आला. प्रतिरोधाचं प्रमाण १९९२ मध्ये १६.५ टक्के होतं, ते १९९६ मध्ये ८.६ वर उतरलं. चार वर्षं लागली, आणि शून्यावर काही आलं नाही.

टायफॉइडच्या रिपोर्टातला अझिथ्रोमायसिनचा ‘आर’ही हाच का?

नाही, ते प्रकरण निराळं. टायफॉइडच्या जीवाणूला बाहेरून आणखी एक आवरण असतं, एरिथ्रोमायसिन तिथे मुळातच फारसं शिरत नाही, म्हणून त्याची चकती आम्ही लावतही नाही. अझिथ्रोमायसिन मात्र चालतं, आणि तोंडाने घेता येणाऱ्या मोजक्या उरलेल्या औषधांत आज त्याचा नंबर वरचा आहे.

इथे प्रतिरोध येतो तो जीवाणूच्या स्वतःच्याच अॅक्र-बी नावाच्या पंपातून. त्या प्रथिनात ७१७ व्या जागी आर्जिनिन असतं. ते बदलून ग्लूटामिन किंवा ल्यूसिन आलं की पंप अझिथ्रोमायसिन जोरात बाहेर टाकू लागतो. बांगलादेशातून हे २०१९ मध्ये पुढे आलं, नंतर भारतातही सापडलं. एका अमिनो आम्लाचा खेळ.

लॅबवाल्यांसाठी जाता जाता: टायफॉइडमध्ये अझिथ्रोमायसिनच्या वर्तुळाची कड धुरकट असते. १३ मिलिमीटर ही रेघ आहे, आणि १२ की १३ यावर मी सहकाऱ्यांशी भांडले आहे. शंका आली तर एमआयसी, म्हणजे वाढ थांबवणारी किमान मात्रा, काढा, डोळ्यावर भरवसा ठेवू नका.

मुलांचा मायकोप्लाझ्मा खोकला आणि पोटातला एच. पायलोरी?

दोन्हीकडे पाचवी वाट: स्वतःच्या २३एस आरएनएत एक अक्षर बदलणं. मायकोप्लाझ्मात २०६३ व्या जागी ए चा जी होतो, एच. पायलोरीत २१४३ किंवा २१४२ व्या जागी. अर्म ज्या कोपऱ्याला मिथाइल चिकटवतं, तोच हा कोपरा.

हे याच जीवाणूंना का जमतं? मायकोप्लाझ्माकडे त्या आरएनएच्या जनुकाची एकच प्रत असते, एच. पायलोरीकडे दोन. एक बदलली की काम झालं. ई. कोलायकडे सात. सातपैकी एक बदलून काय होणार, बाकीच्या सहांवर औषध बसतंच. मायकोप्लाझ्माला पेशीभित्ती नसल्यामुळे पेनिसिलिनचा उपयोग नाही, म्हणून मुलांत मॅक्रोलाइड गमावणं फार महागात पडतं. एच. पायलोरीसाठी साधा नियम असा, की ज्या भागात क्लॅरिथ्रोमायसिनचा प्रतिरोध १५ टक्क्यांच्या वर आहे, तिथे चाचणी न करता ते औषध धरायचं नाही.

मग जनुकाची पीसीआर करून घेऊ का?

साध्या जखमेला किंवा घशाला नको. प्लेट आणि दोन चकत्या पुष्कळ सांगतात. एच. पायलोरी पहिल्या उपचाराने गेला नाही, किंवा मायकोप्लाझ्माचा ताप औषधाने हलत नाही, अशा वेळी डॉक्टर सांगतील. हे दोन्ही प्लेटवर वाढवणं जिकिरीचं असतं, तिथे पीसीआरचे पैसे वसूल होतात.

दही-ताक खाल्लं तर ही जनुकं जातात का?

नाही. जरूर खा, पण त्यासाठी नको.

अर्म-ए, अर्म-बी, अर्म-४१… ही नावं कोण ठेवतं?

पूर्वी जो शोधेल तो बारसं करायचा, त्यामुळे एकाच जनुकाला चार नावं असायची. १९९९ मध्ये ठरलं की दोन जनुकांच्या प्रथिनांत अमिनो आम्लं ८० टक्के किंवा जास्त जुळली तर नाव एकच. अक्षरं संपली तेव्हा आकडे आले.

या जनुकांवर मात करणारं नवं औषध आहे का?

केटोलाइड हा मॅक्रोलाइडचाच पुढचा अवतार. कड्यावरची एक साखर काढली आहे, त्यामुळे झोपलेलं अर्म जागं होत नाही, आणि एक लांब हात जोडला आहे, तो रायबोसोमला दुसऱ्या जागीही धरतो. टेलिथ्रोमायसिन पहिलं आलं, पण यकृताला इजा झाल्याने मागे पडलं. आपल्याकडचं नाफिथ्रोमायसिन वोकहार्टचं, मिकनाफ या नावाने २०२४ मध्ये जाहीर झालं, न्यूमोनियासाठी, दिवसातून एकदा, तीन दिवस. पुन्हा तीनच दिवस! मेडिकलच्या फळीवर ते अझीच्या शेजारी जाऊन बसलं, की गरब्याचा घसा त्यालाही शोधून काढेल अशी मला धास्ती आहे.

घरात दोन गोळ्या उरल्या आहेत. ठेवू की टाकू?

ठेवलेली गोळी कोणीतरी घेतंच, बहुधा रात्री अकराला, दुकान बंद असताना. ठेवू नका. विश्वामित्री नदीतही नको. गोळ्या पाकिटातून काढून वापरलेल्या चहाच्या पत्तीत कालवा, पिशवीला गाठ मारा आणि कचऱ्याच्या गाडीत द्या. आणि उरल्या का, ते डॉक्टरांना सांगा. मधेच थांबवल्या असतील तर त्यांना हे कळलेलं बरं.